नववा टाका

१

त्या सकाळी विमान सातव्या खुणेवर उचललं नाही, अकराव्या खुणेवर उचललं, असं मला आठवतं. हे आठवणं किती भरवशाचं, ते मी सांगू शकत नाही. अकरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी अडुसष्टचा होतो, आज एकोणऐंशीचा आहे. मध्ये पोटाचं एक मोठं ऑपरेशन झालं. गेल्या आठवड्यात गॅसवर दूध ठेवून मी पोस्टात गेलो आणि तिथे रांगेत उभं राहिल्यावर आपण कशाला आलो तेच आठवेना. अशा माणसाने छातीठोकपणे काही सांगू नये. तरीही हे रविवारच्या आत लिहून व्हायला हवं, आणि रविवार तीन दिवसांवर आहे.

धातुशास्त्र शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. धातू थकतो कसा, तुटतो केव्हा, हा माझा विषय. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यातून लागलेली सवय. मनातल्या मनात हिशेब करताना उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा, ही सवय त्याहून जुनी. वर्गातली मुलं तिची नक्कल करायची.

निवृत्तीनंतर पेणला, रामवाडीत घर घेतलं. शेजारी सुशीलचं ग्रिल आणि शटर बनवायचं दुकान होतं. विमानाचं खूळ माझं, हात त्याचे. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं आणि कापडी पंखांचं छोटं विमान आम्ही किट आणून जोडलं. तीन वर्षं जोडण्यात गेली, एक कागदपत्रांत.

पंखांचं कापड ताणून शिवलं आणि रंगवलं ते मनालीने, सुशीलच्या बायकोने. ती जोह्याची. तिच्या भावाच्या, निलेशच्या गणपतीच्या कारखान्यात ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. एकदा ब्रश टेकला की तो पुसायची सोय नसते. इतका स्थिर हात मी प्रयोगशाळेतही पाहिला नव्हता. सीटचे पट्टेही तिनेच शिवले आणि दोन्ही बाजू सारख्या आवळता याव्यात म्हणून दोन-दोन बोटांवर लाल दोऱ्याचा एकेक टाका घातला. एका बाजूला चौदा टाके. पट्टा पूर्ण आवळला की बकलाशी चौदावा टाका यायचा.

या सगळ्याच्या बदल्यात तिने एकच मागितलं.

"मागच्या शीटवर पयली मी बसनार. सुशील नाय, तुमची पोरगी नाय. मी."

"संक्रांतीला," मी म्हणालो. "तोवर मी एकट्याने चाळीस उड्डाणं करतो. मग तू."

"लिवून द्या सर. तुमी इसरताव."

मी खरंच लिहून दिलं. शेडच्या पत्र्यावर, खडूने. त्याच्याच खाली एक नियमही लिहिला: वजन केल्याशिवाय मागे कुणी बसायचं नाही. ते माझंच अक्षर होतं, याबद्दल मात्र मला शंका नाही.

२

आमची शेड पेणहून रोह्याकडे जाताना, नागोठण्याच्या अलीकडे होती. एका बंद पडलेल्या वीटभट्टीची सपाट, लांब पट्टी. भट्टीवर पूर्वी काम केलेला दामू नदीकाठच्या वाडीत राहायचा आणि शेड राखायचा. पट्टीच्या कडेने दर दहा मीटरवर मी चुन्याने एकेक खूण केली होती. मी एकटा असलो की विमान सातव्या खुणेवर जमीन सोडायचं. वारा आडवा असला तर आठव्या. छत्तीस उड्डाणांची नोंद आहे. सात, सात, आठ, सात.

सदतिसावं उड्डाण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. थंड हवा, समोरून हलका वारा, म्हणजे विमान लवकर उचलायला हवं. सातवी खूण गेली. आठवी गेली. इंजिनाचा आवाज नेहमीचा, काटे नेहमीच्या जागी. नववी. विमान चालवायचा दांडा हातात जड वाटला नाही, पण चाकं जमीन सोडेनात. दहावी गेली तेव्हा मी इंजिन बंद करायला हात पुढे केला आणि त्याच क्षणी विमान सुटलं. वर गेल्यावर सगळं सुरळीत होतं. फक्त वळणात ते जरा सावकाश झुकत होतं. मागे माणूस बसला असला की झुकावं तसं.

उतरल्यावर मी कारणं शोधली. टायरमध्ये हवा कमी असेल. पट्टीवर दव असेल. इंधनात काही असेल. हवा मोजली, बरोबर होती.

मग मागच्या सीटकडे लक्ष गेलं.

रिकाम्या सीटचा पट्टा मोकळा ठेवायचा नसतो. मागेही एक दांडा असतो. लोंबता पट्टा त्यात अडकला तर पुढच्याचा दांडाही जाम होतो आणि माणूस मरतो. म्हणून उड्डाणाआधी रिकाम्या सीटवर पट्टा लावून तो चौदाव्या टाक्यापर्यंत आवळायचा. मी ते रोज करायचो, दोनदा ओढून बघायचो.

पट्टा लावलेलाच होता. पण सीटपासून वर उठलेला, मध्ये पोकळी ठेवून. बकलाशी नववा टाका होता. दोन्ही बाजूंना नववा.

कापडाचा पट्टा हादऱ्यांनी सैल होतो. पण तो दोन्ही बाजूंनी सारखा, नेमका पाच-पाच टाके सैल होत नाही. किंवा होतही असेल. मी कापडाचा माणूस नाही.

३

पुढच्या वेळी पट्टा आवळल्यावर मी दामूला बोलावलं.

"दामू, हे बघ. कितवा टाका?"

त्याने बोट लावून मोजले. "चौदा."

"नीट बघ."

"चौदाच हाय सर. मला चौदापरेंत येतंय."

मी उडालो. पुन्हा अकरावी खूण. वीस मिनिटांनी उतरलो, इंजिन बंद केलं, आणि प्रॉपेलरचा पंखा थांबायच्या आत मान वळवून पाहिलं. नववा टाका.

दामू शेडच्या सावलीत विडी विझवत उभा होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आज दोगं गेलाव?"

"कोण दोघं?"

"मंग मागं कोन व्हतं?"

"कोणी नव्हतं. तूच नाही का पट्टा मोजलास?"

त्याने रिकाम्या सीटकडे बघितलं आणि जमिनीकडे. "लांबून काय कलतंय," तो म्हणाला. "बारीक मानूस व्हतं. डोकं खाली घातलेलं."

"बाई की पुरुष?"

"डोक्यावं तुमच्यासारखं टोपडं व्हतं. कसं कलनार?"

दामूचे डोळे अधू आहेत, असं मी वहीत लिहिलं. मग ते खोडलं, कारण आठवड्यापूर्वीच त्याने पट्टीवर पडलेला एक छोटा नट वीस पावलांवरून दाखवला होता.

त्याच दिवशी अपेक्षाचा, माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्ही काल मला दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा तेच विचारलंत. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. तिने विमानाबद्दल विचारलं. मी म्हणालो, छान चाललंय.

४

मोजायचं ठरवलं. निलेशच्या कारखान्यात प्लास्टरची पोती तोलायचा मोठा काटा होता, आकडे दाखवणारा. सुशील तो टेम्पोत घालून घेऊन आला. काटा एकच, म्हणून एका वेळी एक चाक त्यावर चढवायचं, बाकीच्या दोन चाकांखाली तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे द्यायचे, आणि तीन आकड्यांची बेरीज करायची.

रिकामं विमान: एकशे शहाण्णव किलो चारशे. किट जोडलं तेव्हा होतं तेवढंच. मला हायसं वाटलं.

मग सुशील पुढच्या सीटवर बसला. त्याचं वजन काट्यावर आधीच पाहिलं होतं. बेरीज ग्रॅमला ग्रॅम जुळली.

"झालं समाधान?" सुशील म्हणाला. "सर, तुमी इमानाची पन परीक्षा घेताव. नापास करायला बगताव."

"आता मी बसतो. तू आकडे लिही."

मी बूट, हेल्मेट घालून पुढे बसलो. तेवढ्या सगळ्यासकट माझं वजन बहात्तर होतं. सुशीलने प्लास्टरच्या पोत्याच्या एका तुकड्यावर पेन्सिलने आकडे लिहिले. तिसरं चाक होतंय तोच त्याला दुकानातून फोन आला. कुणाचं शटर अर्ध्यात अडकलं होतं. तो तुकडा माझ्या हातात देऊन, काटा टेम्पोत टाकून तो निघून गेला.

बेरीज मी घरी, जेवणाच्या टेबलावर केली. पुढचं चाक अठ्ठावन्न किलो दोनशे. डावं एकशे एकतीस चारशे. उजवं एकशे बत्तीस चारशे. एकूण तीनशे बावीस.

यायला हवे होते दोनशे अडुसष्ट किलो चारशे.

पेरांवर केली, कागदावर केली, कॅल्क्युलेटरवर केली. फरक त्रेपन्न किलो सहाशे ग्रॅम. आकडे चुकीचे ऐकले असते, चुकीचे लिहिले असते, तर मी स्वतःला दोष देऊन मोकळा झालो असतो. पण अक्षर माझं नव्हतं.

सुशीलला सांगितलं तेव्हा तो मनापासून हसला. "डबा खाऊन बसलेलाव काय?"

"त्रेपन्न किलोचा डबा?"

"काट्याला वल लागली असंल सर. पोत्यांचा काटा तो."

"तुझ्या वेळी ओल लागली नव्हती?"

तो हसायचा थांबला. मग त्याने विषय बदलला आणि जाताना, जरा जास्तच मायेने, मला विचारलं की मी रात्री झोपतो का नीट.

५

मी जोह्याला गेलो. कारखान्यात माघी गणपतींची घाई होती. ओळीने मूर्ती मांडलेल्या, निम्म्यांना डोळे आलेले, निम्म्यांना यायचे. मनाली स्टुलावर बसून एकाची आखणी करत होती. तिने रोखलेला श्वास सोडेपर्यंत मी दाराशी थांबलो.

"या सर. च्या सांगू?"

"मनाली, तुझं वजन किती?"

बाजूच्या दोन बायका फिसकन हसल्या. एक म्हणाली, "मनाले, सरांना तुला तोलून न्यायची हाय गो."

"बायांना वजन इचारतात काय?" मनाली म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने ब्रश पाण्यात ठेवला. "साडेत्रेपन. च्या पिऊन चोपन धरा. मीच बगितलं काल, तुमच्याकडून काटा परत आला तवा. संक्रांत जवल आली ना."

"आणि पट्टा? तुझ्या मापाला कितवा टाका येतो?"

"शिवतानाच घेतलं माप. नववा." तिने रंगाचे डबे हलवून जागा केली आणि उरलेले डबे मोजले, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. इकडे सगळेच तसे मोजतात. मी मात्र तिच्या त्या हाताकडे बघत राहिलो.

परतीच्या एसटीत मला बसायला जागा होती, पण मी उभा राहिलो. मला भूतखेत मान्य नाही. अजूनही नाही. जे अजून बसलेलं नाही त्याचं वजन असू शकत नाही. पण आकडा होता, टाका होता, आणि दोन्ही तिचे होते.

६

संक्रांतीला नऊ दिवस राहिले असताना मी शेवटचा उडालो.

पंखाच्या आधाराच्या नळीला सुशीलने मोटरसायकलचा एक आरसा लावला होता. मागच्याला गरगरलं, घाबरायला झालं, तर पुढच्याला दिसावं म्हणून. पट्ट्याचा प्रकार सुरू झाल्यापासून मी तो बाहेर वळवून ठेवला होता. त्या दिवशी आत वळवला.

अकरावी खूण. मग वर. खाली अंबा नदी, भरतीने फुगलेली, खाडीकडे चाललेली. सकाळचे साडेआठ. ऊन स्वच्छ. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. मी आरशात पाहिलं. सीटची निळी पाठ, त्यावर पट्ट्याची लाल ठिपक्यांची रेघ. तीनशे मीटरवर विमान सरळ केलं. पुन्हा पाहिलं.

आरसा इंजिनाने थरथरत असतो, त्यात कडा धड दिसत नाहीत. मला एक बाही दिसली. मनगटापाशी बटण लावलेली. बाहीतून आलेला हात मांडीवर होता, तळवा वर, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

मी पुढे पाहिलं. क्षितिज जागेवर होतं. वेग बरोबर होता. पुन्हा आरशात पाहिलं आणि हात होताच. मोजणं घाईचं होतं, चुकलं तर पुन्हा मोजायला वेळ नाही असं. तर्जनीची तीन पेरं. मधल्या बोटाची तीन. नकळत मीही मोजू लागलो. सात. आठ. नऊ. करंगळी. दहा, अकरा.

बाराव्या पेराशी अंगठा थांबला. हात मांडीवरून उठला आणि त्याने माझ्या खांद्यामागची नळी धरली. ते मला दिसलं म्हणण्यापेक्षा पाठीला कळलं. नळीला किंचित ओढ बसली, माझी सीट तसूभर मागे गेली. काय होणार आहे हे ज्याला ठाऊक असतं तो माणूस असं धरतो. बस खड्ड्यात जाणार हे आधी दिसलेला माणूस पुढचा दांडा धरतो, तसं.

मीही दांडा घट्ट धरला. दात आवळले. वाट पाहिली.

काही झालं नाही. इंजिन एका सुरात चालू होतं. एका बगळ्यांच्या थव्यावरून आम्ही गेलो. आम्ही, असंच मला वाटलं. पुन्हा आरशात पाहायचं धैर्य उतरल्यावरही झालं नाही. पट्टा न बघता मी शेडबाहेर आलो.

जे व्हायचं होतं ते त्या दिवसाचं नव्हतं, एवढंच मला कळलं.

७

पंखा सहा बोल्टांवर असतो. लाकडी, माझ्या उंचीएवढा. संक्रांतीच्या दोन दिवस आधी तो मी एकट्याने उतरवला, चादरीत गुंडाळला.

"पंखा न्हेताव?" दामूने विचारलं.

"दुरुस्तीला."

"मोडला तं नाय कुठं," तो म्हणाला. पण उचलून रस्त्यापर्यंत आणून दिला.

शेअर मॅजिक गाडीवाल्याने तो टपावर बांधला. "काका, व्हडीचं वल्हं काय? खाडीत जाताव या वयात?" गाडीतली माणसं हसली. मीही हसलो असेन.

घरी आल्यावर मला माझाच भरवसा वाटेना. मनाली समोर येऊन उभी राहिली तर मी पंखा परत देईन, हे मला माहीत होतं. कुणाला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. म्हणून दुपारी मी आरी घेतली आणि तो मधोमध कापला. चाळीस मिनिटं लागली. तीन वर्षांत त्या विमानाला मी एकट्याने केलेलं ते एकमेव काम.

ती दोघं भोगीच्या दिवशी आली. मनालीच्या हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता.

"दामू सांगत व्हता पंखा न्हेलाव," सुशील म्हणाला. "काय झालं? चीर हाय काय?"

मी सगळं सांगितलं. खुणा, पट्टा, वजन, हात. जसं घडलं त्या क्रमाने, वर्गात सांगावं तसं. बोलता बोलताच मला कळत होतं की कसं वाटतंय.

मनाली म्हणाली, "म्हंजे माज्या शीटवर कुनीतरी बसतंय."

"तूच बसतेस. तुझंच वजन आहे. तुझाच टाका."

"मी इथं बसलेय. तुमच्या समोर."

"म्हणूनच सांगतोय. तिथे बसू नकोस."

"आनि दुसरं कुनी असंल तर त्याला उतरवा. जागा माजी हाय." तिचा आवाज चढला नाही. "सर, तीन वर्सं मी त्या कापडावर वाकलेय. रोज मूर्ती करून घरी आल्यावर. आखनी करताना हात थरथरला नाय माजा कवा. भ्यायचं का नाय ते मला कलतंय. तुमाला मी नको असंल तर सरल सांगा, बाई मानूस नको, गावची नको. पन माजं भूत करून मला सांगू नका."

"तसं नाही गं—"

"पंखा कुठं हाय?"

मी पलंगाखाली पाहिलं. तिने वाकून चादर ओढली. दोन तुकडे फरशीवर घरंगळले, आणि त्यांचा भुसाही.

मग सुशील हळूच म्हणाला, "सर, अपेक्षाताईंना फोन लावू काय?"

मनालीने टेबलावरचा डबा उचलला आणि परत नेला.

८

अपेक्षा येऊन मला पुण्याला घेऊन गेली. विमानातला माझा हिस्सा मी सुशीलच्या नावे केला. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. वयाच्या मानाने बरा आहे म्हणाले. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला दोन्ही गोष्टी सांगत राहिलो. एक दिवस सांगायचो की मी एका बाईचा जीव वाचवला. दुसऱ्या दिवशी सांगायचो की एका भ्रमिष्ट म्हाताऱ्याने तिच्या हातातली एकच गोष्ट कापून टाकली. दोन्ही पटायचं.

ऑपरेशननंतर अंग उतरत गेलं. अन्न अंगी लागेना. हॉस्पिटलात वजन करायला उभं करायचे तेव्हा मी समोरच्या भिंतीकडे बघायचो. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

गेल्या वर्षी हट्टाने पेणला परत आलो. पुण्यात जीव लागत नव्हता. सुशील रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा. त्याच्याकडूनच कळलं: नवा पंखा आणला होता, इंजिन बदललं होतं, आणि मनाली दक्षिणेत कुठे दोन महिने राहून उडवायला शिकून आली होती. मागे कुणी बसवत नाही म्हणाला. एकटीच जाते, दर रविवारी. विमान कसं उचलतं, मी विचारलं.

"सातव्या खुणेला," तो म्हणाला. "तुमच्या खुना ती दर वर्साला चुना मारून ठेवते."

या सोमवारी ती स्वतः आली. केस पांढरे झालेत, अंगाने भरलीय. दारात चपला काढून सरळ आत येऊन बसली, अकरा वर्षांपूर्वी बसली होती त्याच खुर्चीवर.

"सर, मी लई दिस राग धरला. आता नाय धरवत. येत्या रविवारी तुमी चला. मागं बसा. मी न्हेते."

"मी कशाला आता—"

"तुमी तं बनवलं ते. एकदा वरून बगा, अंबा नदी कशी भरलीय. तुमी माजी जागा घेतली व्हती ना, मंग बसा की तिच्यावर एकदा. फिटंल."

ती हसत होती. मला तिला दुसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही. मी हो म्हणालो.

"पन वजन करावं लागंल," ती म्हणाली. "पत्र्यावर लिवलंय तुमी. मी पुसलं नाय ते."

आज सकाळी ती मला स्कूटरवरून जोह्याला घेऊन गेली. कारखाना वाढलाय, पण काटा तोच आहे, कोपऱ्यात, प्लास्टरने पांढरा झालेला. सोबत तिने हेल्मेट आणलं होतं. मी ते घातलं. बूट होतेच. पहाटे थंडी वाजते म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो आणि मनगटाची बटणं लावतो. काट्यावर चढलो. आकडा स्थिर होईपर्यंत माझा अंगठा पेरांवरून फिरत होता, ते तिच्या लक्षात आलं.

"काय मोजताव?" तिने विचारलं.

मी थांबलो. ती वाकली, आकडा वाचला आणि स्केचपेनने तळहातावर लिहून घेतला. तिला काही आठवलं नाही. आठवायचं कारणही नाही. तो आकडा अकरा वर्षांपूर्वी तिने घाईत एकदाच ऐकला होता. मी तिला सांगितलेलं नाही. हो म्हटलंय खरं, पण रविवारी जायचं की नाही ते अजून ठरत नाही, कारण या वेळी पुढच्या सीटवर ती असणार आहे.

पट्टा मी बांधून पाहिलेला नाही. काट्यावरून मात्र उतरलो आणि पुन्हा चढलो. दोन्ही वेळा तेच. त्रेपन्न किलो सहाशे ग्रॅम.